जुन्या मोटारीची आतली पॅनेले: रंगाचा डबा उघडण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७० च्या दशकातील मोटारीच्या दारांची रेक्झिन चढवलेली पॅनेले खालच्या कडेला फुगली आहेत, मधल्या कन्सोलचे कडक प्लास्टिक स्क्रूंजवळ तडकले आहे, डॅशबोर्डखालची पट्टी उन्हाने फिकी पडली आहे आणि आधीच्या मालकाने एका दारावर मारलेला रंग हाताला चिकट लागतो व नखाने सुटतो. हे सारे घरी दुरुस्त होईल का आणि त्यासाठी कोणता रंग घ्यावा, असे आपण विचारले आहे. घरी दुरुस्त होईल. रंगाविषयी मात्र मी बरेच पुढे सांगणार आहे, कारण आपल्या चार तक्रारींची मुळे चार ठिकाणी आहेत आणि त्यांपैकी केवळ फिक्या पट्टीचा इलाज रंगाने होणार आहे.

प्रथम सर्व पॅनेले उतरवा. जागेवर ठेवून, कडेने कागद चिकटवून मारलेला रंग पहिल्याच उन्हाळ्यात कडेपासून सुटू लागतो, शिवाय पॅनेलाची पाठ पाहिल्याशिवाय ते कशाचे आहे हेही कळत नाही. दाराच्या क्लिपा ओढताना हात पॅनेलाला न लावता, क्लिपेच्या अगदी शेजारी दोन दातांची चपटी पट्टी सरकवून उचला. जुना हार्डबोर्ड क्लिपेभोवती बिस्किटासारखा तुटतो आणि ते भोक पुन्हा बांधणे हे त्रासाचे काम आहे. उतरवण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र घ्या आणि स्क्रू त्या त्या पॅनेलाच्या नावाच्या पिशवीत ठेवा, कारण एकाच दाराला तीन लांबींचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो काचेच्या यंत्रणेत घुसतो किंवा पॅनेलाच्या दर्शनी बाजूने बाहेर येतो.

आता पॅनेल कशाचे आहे ते ओळखा. त्या काळातील मोटारींत साधारणपणे पाच प्रकार आढळतात: हार्डबोर्डवर चढवलेले रेक्झिन, एबीएस जातीचे कडक प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, फोमवर रेक्झिनची कातडी असलेले मऊ भाग आणि रंगवलेला पत्रा. प्लास्टिकच्या पाठीवर जातीची अक्षरे उठवलेली असतील तर प्रश्नच मिटला, पण इतक्या जुन्या भागांवर ती बहुधा नसतात. अशा वेळी पाठीमागच्या न दिसणाऱ्या कडेवर कापसाच्या बोळ्याने ॲसिटोनचा एक थेंब लावा. एबीएस लगेच मऊ होऊन बोटाला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनला काहीच होत नाही. दुसरी परीक्षा पाण्याची आहे. कडेची एक बारीक कपची काढून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडली तर पॉलिप्रॉपिलीन तरंगते, कारण त्याची घनता सुमारे ०.९ असते, आणि एबीएस बुडते, कारण त्याची घनता सुमारे १.०५ असते. शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन मात्र बुडू शकते, म्हणून केवळ पाण्यावर विसंबू नका; दोन्ही परीक्षा करा. हा फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की एबीएसवर बहुतेक रंग धरतात, तर पॉलिप्रॉपिलीनवर त्याच्यासाठीचा खास आसंजक प्रायमर दिल्याशिवाय काहीच धरत नाही, मग आपण ते कितीही घासा.

चिकट झालेल्या दाराकडे वळतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. या धंद्यात नवीन असताना मी एका मोटारीच्या चारही दारांच्या रेक्झिनवर उत्तम प्रतीचा साधा एनॅमल रंग मारला होता. आठवडाभर तो सुरेख दिसला. तीन महिन्यांनी गाडी परत आली तेव्हा चालकाच्या बाजूच्या पॅनेलावर बाहीच्या विणीचा ठसा स्पष्ट उमटलेला होता आणि बोट लावले की बोटाची रेषासुद्धा उठत होती. कारण साधे आहे. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याचे मऊ रेक्झिन व्हावे म्हणून त्यात तेलासारखे मृदूकारक द्रव्य भरपूर मिसळलेले असते आणि हे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहते. साधा एनॅमल ते शोषून घेतो आणि खालून मऊ पडतो. असा रंग कितीही वाळवला तरी वाळत नाही, आणि त्यावर दुसरा रंग चढवणे म्हणजे तीच कथा पुन्हा सुरू करणे होय. तो पूर्ण उतरवावाच लागेल. त्यासाठी ॲसिटोन किंवा तीव्र थिनर वापरू नका, कारण ते रेक्झिनमधले मृदूकारक ओढून घेतात आणि रेक्झिन पुठ्ठ्यासारखे कडक होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले फडके दहा मिनिटे रंगावर ठेवून, प्लास्टिकच्या बोथट पट्टीने आणि नायलॉनच्या ब्रशने तळहाताएवढा भाग एका वेळी सोडवत जा. एका दाराला एक संध्याकाळ सहज लागते.

फुगलेल्या खालच्या कडेचे मूळ पॅनेलात नसून दारात आहे. खिडकीच्या काचेवरचे पावसाचे पाणी दाराच्या आत उतरावे आणि तळाच्या भोकांतून बाहेर जावे, अशीच दाराची रचना असते. ते पाणी पॅनेलाकडे येऊ नये म्हणून मध्ये मेणकागद, डांबरी कागद किंवा प्लास्टिकचा पडदा लावलेला असतो. आपल्या दारात तो पडदा फाटला असणार किंवा कोणीतरी काचेचे यंत्र दुरुस्त करताना काढून फेकला असणार, आणि तळाची भोके मातीने बुजली असणार. दार उघडून खालच्या कडेला नाक लावा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर पाणी अजूनही येत आहे. भोके तारेने मोकळी करा, आतला गंज घासून त्यावर गंजरोधक मेण फवारा आणि जाड पॉलिथिनचा नवा पडदा ब्युटाइलच्या चिकटपट्टीने असा लावा की त्याची खालची कड दाराच्या खाचेत आत वळलेली राहील, म्हणजे पडद्यावर आलेले पाणी पुन्हा दारातच पडेल. एवढे केल्याशिवाय नव्या पॅनेलावर पैसे खर्च करू नका.

हार्डबोर्डची फूग दोन-तीन बोटांपुरतीच असेल तर तो वाचवता येतो. खालच्या कडेचे रेक्झिन सोडवून मागे वळवा, बोर्ड सावलीत दोन फळ्यांमध्ये दाबून पूर्ण सुकू द्या, मग सुटलेल्या थरांत पातळ इपॉक्सी मुरवून पुन्हा दाबा. फळी आणि बोर्ड यांच्यामध्ये पॉलिथिनचा तुकडा ठेवायला विसरू नका, नाहीतर फळीच पॅनेलाचा भाग होईल. फूग त्याहून मोठी असेल किंवा क्लिपांची भोके फाटून एकमेकांना मिळाली असतील तर नवा बोर्ड कापणे शहाणपणाचे. जुना बोर्ड हाच साचा. पाणी सहन करणारा ३ मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड घ्या, भोके नवी पाडताना जुन्या बोर्डावरून न घेता दाराच्या पत्र्यावरून पडताळा, कारण जुना बोर्ड ओलीने ताणलेला असतो, आणि रेक्झिन चढवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना व विशेषतः कापलेल्या कडांना पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात द्या. कारखान्यात ही कड बहुधा उघडीच सोडलेली असे, आणि पाणी तिथूनच चढते.

रेक्झिन पुन्हा चिकटवताना गोंदाकडे लक्ष द्या. नेहमीचा निओप्रीनचा पिवळा सोल्युशन सुरुवातीला पक्का धरतो, पण तेच मृदूकारक द्रव्य त्यालाही मऊ करते आणि वर्षा-दोन वर्षांनी रेक्झिन खोलगट भागांतून उचलले जाते. मृदूकारकाला दाद न देणारा, पीव्हीसीसाठी बनवलेला गोंद मागून घ्या. जुने रेक्झिन आकसलेले असते; हॉट एअर गनने हात टिकेल एवढेच गरम करून ते कडेपर्यंत ओढा आणि मागे वळवून छोट्या स्टेपलनी धरा. स्टेपलची लांबी बोर्डाच्या जाडीपेक्षा कमी हवी, हे सांगण्याची गरज नसावी, पण पुढच्या बाजूने डोकावणारे स्टेपल मी पुष्कळ पाहिले आहेत.

कन्सोलची तड स्क्रूंजवळच का गेली, हे समजून घेणे आवश्यक आहे. उन्हात उभ्या बंद मोटारीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. एबीएस हे पोलादाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. ६० सेंटिमीटर लांबीचा भाग ५० अंशांनी तापला तर तो खालच्या पत्र्यापेक्षा साधारण २ मिलिमीटर जास्त लांबतो. स्क्रू घट्ट आवळलेला असेल तर हे २ मिलिमीटर जायचे कुठे? म्हणून दुरुस्ती झाल्यावर टोकाकडची भोके किंचित लांबट करा, स्क्रूखाली रुंद वॉशर द्या आणि स्क्रू बसला की तिथेच थांबा. एक पिळ जास्त दिला की महिन्याभरात नवी तड हजर होते.

तड बुजवण्याची माझी पद्धत अशी आहे. तडेच्या टोकाला, म्हणजे जिथे ती संपल्यासारखी दिसते त्याच्या किंचित पुढे, २ मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. भिंगातून पाहिलेत तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या टोकापुढेही तीन-चार मिलिमीटर केसासारखी रेषा गेलेली आढळेल. भोक त्या रेषेच्या टोकावर पडले पाहिजे. मग पाठीमागून तडेच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा. त्याच जातीच्या मोडक्या एबीएसचे कपटे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की मधासारखा दाट लगदा होतो. तो खाचेत भरा आणि त्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा बसवून वर आणखी एक थर द्या. हा जोड निव्वळ चिकटलेला नसतो, दोन्ही कडा विरघळून एक झालेल्या असतात. मात्र ॲसिटोन पूर्ण उडून जायला तीन-चार दिवस लागतात आणि तोवर लगदा आकसत राहतो. दुसऱ्याच दिवशी घासून सपाट केलेला जोड आठवड्याने बसलेला दिसतो, म्हणून आधी थोडा उंचवटा ठेवा आणि घाई करू नका. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. ज्या खोलीत बरणी उघडी आहे तिथे पेटती वात, हीटर किंवा ग्राइंडर चालू नको. पॉलिप्रॉपिलीनला ही पद्धत चालत नाही, त्याला त्याच जातीच्या कांडीने गरम जोड द्यावा लागतो.

दर्शनी बाजूचे उरलेले ओरखडे प्लास्टिकसाठीच्या लवचीक लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरा. पत्र्याची नेहमीची पॉलिस्टर लांबी इथे वापरू नका, ती ताठ असते आणि पॅनेल वाकले की कडेने सुटते. खरी अडचण पुढे आहे. प्लास्टिकवर चामड्यासारखी बारीक नक्षी असते आणि लांबी घासताना ती पुसली जाते. रंग दिल्यावर तो गुळगुळीत डाग दुरूनही ओळखू येतो. यासाठी दुरुस्ती शक्य तेवढी पाठीमागून करावी, पुढे केवळ तडेच्या रुंदीएवढेच भरावे आणि गरज पडल्यास पोत देणारा फवारा थोडा दुरून मारून कण उठवावेत. शेजारच्या चांगल्या भागावरून सिलिकॉन रबराचा ठसा घेऊन तो अर्धवट घट्ट झालेल्या लांबीवर दाबला तर नक्षी बरीच जुळते, पण ही कला तुकड्यांवर दहा-बारा वेळा साधल्याशिवाय खऱ्या पॅनेलावर आजमावू नये. मोठ्या सपाट भागाच्या मध्यभागी तड असेल तर मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो की खूण राहील.

धुण्याचे काम घासण्याच्या आधी करायचे आहे, हा क्रम उलटू नका. इतक्या वर्षांत या पॅनेलांवर चकाकीसाठी सिलिकॉनची पॉलिशे फासली गेली असणार; आधी घासलेत तर तेच सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसते आणि मग रंग गोल गोल खड्डे सोडून बाजूला सरकतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश घेऊन नक्षीच्या खाचांतून मळ काढा, धुऊन वाळवा, मग मेण व तेल काढणारे द्रावण एका फडक्याने लावून ते वाळण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. नुसते लावून वाळू दिले तर तेल जागचे हलत नाही, फक्त पसरते. फडकी पुन्हा पुन्हा बदला. त्यानंतर करड्या रंगाच्या मऊ अपघर्षक पॅडने पृष्ठभाग मंद होईपर्यंत घासा; नक्षी असलेल्या ठिकाणी पेपर वापरू नका, सपाट जागी ४०० आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पुरतो. एबीएसचा भाग नीट साफ झाला असेल तर त्यावर ओतलेले पाणी एकसंध पसरते. थेंब गोळा झाले तर पुन्हा धुवा.

आता रंग. रेक्झिनसाठी व्हिनाइल डाय म्हणून विकला जाणारा लवचीक लॅकर घ्या. नाव डाय असले तरी तो मुरत नाही, पातळ पापुद्रा होऊन बसतो आणि वाकवल्यावर तडकत नाही, हाच त्याचा गुण. एबीएसवर हाच लॅकर प्लास्टिकच्या प्रायमरवर चालतो. डॅशबोर्डचा फोमवरचा मऊ भाग तडकला असेल तर तो खाच करून लवचीक लांबीने भरता येतो, पण उन्हाने ताठ झालेली कातडी शेजारी पुन्हा फाटते, म्हणून तो भाग नव्याने मढवून घ्यावा असेच माझे मत आहे. पत्र्याच्या भागाला गंज काढून इपॉक्सी प्रायमर द्या. त्या काळच्या रंगात शिसे असू शकते आणि जुन्या ध्वनिरोधक अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, यासाठी पत्रा नेहमी ओला घासा आणि भुगा होणारे करडे अस्तर खरवडू नका, तसेच राहू द्या.

छटा जुळवताना बहुतेक जण हँडलच्या चकतीखाली किंवा आर्मरेस्टमागे लपलेला न विटलेला रंग नमुना म्हणून नेतात. सर्व पॅनेले रंगवायची असतील तर ते बरोबर आहे. आपण डॅशबोर्डखालची एकच पट्टी रंगवणार असाल तर शेजारी जे दिसणार आहे त्याच्याशी छटा जुळली पाहिजे, आणि ते शेजारीही थोडे विटलेलेच आहेत. एका पुठ्ठ्यावर नमुना फवारा, पूर्ण वाळू द्या, मोटारीत त्याच कोनात धरा आणि उन्हात, सावलीत व संध्याकाळी असे तीनदा पाहा. माझ्या अनुभवात छटेतला थोडा फरक डोळा माफ करतो, चकाकीतला करत नाही. कारखान्याचे बहुतेक प्लास्टिक मंद चकाकीचे असते आणि डॅशबोर्डचा माथा तर पूर्ण मंदच हवा, अन्यथा त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता दिसेनासा होतो. चकाकी मंद करणारी पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून डबा दोन-तीन मिनिटे नीट हलवा आणि मध्येही हलवत राहा.

फवारताना अंतर २० ते २५ सेंटिमीटर ठेवा, हवा २० अंशांच्या आसपास व कोरडी असू द्या, आणि पहिला हात इतका पातळ द्या की खालचा रंग धुक्यातून दिसावा तसा दिसेल. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने असे तीन किंवा चार हात पुरतात. एकाच जाड हाताने झाकण्याचा मोह झाला की नक्षीच्या खाचा भरतात आणि पॅनेल रंगवलेले दिसू लागते. चांगले काम झाले की ते रंगवले आहे हे कळतच नाही. सेंद्रिय बाष्पांसाठीचा गाळणीचा मुखवटा लावा, कापडी मास्क निरुपयोगी आहे. दोन घटकांचा, म्हणजे आयसोसायनेटचा हार्डनर मिसळायचा रंग घरी वापरूच नका. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आतल्या पॅनेलांना त्या दर्जाच्या कडकपणाची गरजही नसते.

रंग एका दिवसात हाताला कोरडा लागेल, पण पूर्ण घट्ट व्हायला आठवडा द्या. पाठीमागे वळवलेल्या कडेवर मास्किंग टेप दाबून झटक्याने ओढून पाहा. टेपवर रंग आला तर दर्शनी बाजूही त्याच वाटेने जाणार आहे, आणि हे पॅनेल बसवण्यापूर्वी कळलेले बरे. बसवताना जुन्या गंजक्या क्लिपा वापरू नका. पहिला महिनाभर दारावर ओल्या मऊ फडक्याखेरीज काही फिरवू नका, आणि चकाकीच्या पॉलिशची बाटली गाडीत असेल तर ती काढून टाका.